हेमो थॉर्निक्रॉफ्ट : घराण्याचा वारसा आणि शिल्पकाराचे स्वत्व

१

कलावंताच्या चरित्राचा त्याच्या कलाकृतींशी संबंध काय आणि किती, हा समीक्षेतील जुना वाद आहे. कलावंत कलावंतांच्याच कुटुंबात जन्मलेला असला म्हणजे या वादाला निराळे वळण लागते. अशा कलावंताविषयी लिहिताना 'रक्तातच कला होती' यासारख्या वाक्याचा आधार घ्यावा आणि प्रश्न सुटला असे मानून पुढे जावे, असा चरित्रकारांचा परिपाठ दिसतो. वस्तुतः रक्तातून काय उतरते हे समीक्षकाला सांगता येण्यासारखे नाही. कार्यशाळेतून काय उतरते, हे मात्र पुष्कळ अंशी तपासून पाहता येते.

आपल्याकडील संगीतविचारात 'कुळ' आणि 'घराणे' हे शब्द शेजारी नांदतात, परंतु त्यांचा अर्थ आपण एकच मानीत नाही. बाप आणि मुलगा दोघेही गवई असले एवढ्याने घराणे सिद्ध होत नाही. आवाजाच्या लगावाची, रागाच्या मांडणीची, लयीशी वागण्याची एखादी निश्चित शिस्त पिढ्यांच्या पलीकडे ओळखता आली, तरच घराणे आहे असे आपण म्हणतो. हा भेद शिल्पकलेच्या इतिहासालाही लावून पाहण्याजोगा आहे. व्हिक्टोरियन काळातील इंग्लंडमध्ये शिल्पकारांची अनेक कुटुंबे होती. त्यांपैकी घराणी किती, हे मात्र वेगळे पाहावे लागेल.

प्रस्तुत लेखात त्या दृष्टीने विल्यम हेमो थॉर्निक्रॉफ्ट (१८५०–१९२५) याच्या शिल्पांचा विचार केला आहे. त्याच्या आईचे वडील शिल्पकार, आई शिल्पकार आणि वडीलही शिल्पकार. बहिणींपैकी अ‍ॅलिस, हेलन आणि थेरेसा या कलेच्या क्षेत्रातच वाढल्या. थोरला भाऊ जॉन आयझॅक हा तेवढा नौकाबांधणीकडे वळला आणि वेगवान टॉर्पेडो-नौकांचा निर्माता म्हणून प्रसिद्धीस आला. इतका भरघोस वारसा लाभलेल्या शिल्पकाराने त्या वारशाचे काय केले आणि त्या वारशाने त्याचे काय केले, हे येथे पाहावयाचे आहे. या कुटुंबाजवळ कार्यशाळा होती, घराणे नव्हते. हेमोची श्रेष्ठ शिल्पे कार्यशाळेच्या हाताला कार्यशाळेबाहेरचा अनुभव भेटला तेथे जन्मली. आणि वारशाची वाटणी या कुटुंबात सर्वांना सारखी झाली नाही, असे माझे प्रतिपादन आहे.

२

या परंपरेचा प्रारंभ जॉन फ्रान्सिस (१७८०–१८६१) याच्यापासून होतो. तो चँट्रीचा शिष्य होता. अर्धपुतळे ही त्याची खासियत, आणि दरबारी व प्रतिष्ठित मंडळी हे त्याचे गिऱ्हाईक. त्याच्या हाताखाली शिकलेल्यांत त्याची मुलगी मेरी (१८०९–१८९५) आणि चेशायरच्या शेतकरी कुटुंबातून आलेला टॉमस थॉर्निक्रॉफ्ट (१८१५–१८८५) ही दोघे होती. १८४० साली त्यांचा विवाह झाला. पुढे ती दोघे रोमला गेली. तेथे थोरवाल्डसन आणि जॉन गिब्सन यांचा सहवास त्यांना लाभला आणि त्या काळच्या अभिजातवादी शिल्पकलेचे संस्कार घेऊन ती लंडनला परतली.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या दांपत्यात राजदरबारी अधिक मान होता तो मेरीला. गिब्सनच्या शिफारशीने व्हिक्टोरिया राणीने तिच्याकडे आपल्या मुलांच्या मूर्तींचे काम सोपविले. राजपुत्र आणि राजकन्या यांना चार ऋतूंच्या रूपांत दाखविणारी तिची संगमरवरी शिल्पे ऑस्बर्न प्रासादात आहेत. राजकन्या लुईझ हिला शिल्पकलेचे पहिले धडे मेरीनेच दिले. 'दोरीवरून उडी मारणारी मुलगी' हे तिचे शिल्प १८५५ च्या पॅरिस प्रदर्शनात गाजले. धावत्या मुलीचे पाऊल भूमीवरून सुटत असताना संगमरवराच्या जडपणाचा विसर पाडावा, ही त्या विषयातली खरी अडचण होती. लहान मुलाच्या देहाची गोलाई, त्वचेखालचा मऊ मांसलपणा, झोपेतले शैथिल्य यांचे निरीक्षण हे मेरीचे बलस्थान होते.

टॉमसचा पिंड याहून वेगळा. त्याला भव्यतेची ओढ होती आणि यंत्रांचीही. थोरल्या मुलाच्या नौकाबांधणीत तो मनापासून लक्ष घालीत असे. १८५१ च्या महाप्रदर्शनात त्याने राणीचा अश्वारूढ पुतळा मांडला. लंडनच्या अल्बर्ट स्मारकावरील 'व्यापार' हा शिल्पसमूह त्याचाच. परंतु त्याच्या आयुष्याचे खरे काम म्हणजे वेस्टमिन्स्टरच्या पुलापाशी आज उभा असलेला बोडिसियाचा रथ. १८५६ च्या सुमारास त्याने हे काम आरंभिले. घोड्यांच्या अभ्यासासाठी प्रिन्स अल्बर्टने आपले घोडे उपलब्ध करून दिले. १८८५ साली टॉमस मृत्यू पावला तेव्हा शिल्प प्लॅस्टरमध्येच होते. ब्राँझमध्ये ओतून ते १९०२ साली उभे राहिले. रोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या राणीचा हा पुतळा. त्याच्या चौथऱ्यावर मात्र विल्यम कूपरच्या अशा ओळी कोरल्या आहेत की, तिच्या वंशजांचे राज्य सीझरच्या राज्याहूनही विस्तीर्ण होईल. साम्राज्याविरुद्धचे बंड साम्राज्याच्या अभिमानाला जुंपले गेले, हा त्या स्मारकातील विरोध वाचकांच्या सहज लक्षात येईल.

आई आणि वडील यांच्या शिल्पांकडे एकत्र पाहिले म्हणजे त्यांत समान 'गायकी' आढळत नाही. एकीचा भर निकटच्या देहावर, दुसऱ्याचा दुरून दिसणाऱ्या आकारावर. दोघांत समान होते ते तंत्र आणि व्यवसायाची रीत : मातीत पूर्णाकृती घडविणे, प्लॅस्टरचा साचा घेणे, त्यावरून मापे उतरवून साहाय्यकांकरवी संगमरवर कोरून घेणे किंवा ब्राँझ ओतविणे, समित्यांशी वाटाघाटी करणे, आणि पुतळा ज्याचा त्याच्या चेहऱ्याशी इमान राखणे. हेमोला घरातून मिळाले ते हे.

३

वारशाची वाटणी कशी झाली, याचा विचार केल्याशिवाय पुढे जाणे योग्य होणार नाही. लंडनच्या रॉयल अकादमीच्या १७६८ मधील संस्थापक सभासदांत अँजेलिका कॉफमन आणि मेरी मोझर या दोन स्त्रिया होत्या. त्यानंतर १९२२ साली अ‍ॅनी स्विनर्टन सहयोगी सभासद होईपर्यंत एकाही स्त्रीला अकादमीने आत घेतले नाही. मेरी थॉर्निक्रॉफ्टचे सारे कर्तृत्व या दीडशे वर्षांच्या पोकळीत येते. राणीच्या मुलांच्या मूर्ती घडविणारी, राजकन्येला शिकविणारी ही शिल्पकार अकादमीच्या प्रदर्शनांत कामे मांडू शकत होती. सभासद मात्र होऊ शकली नाही. तिचा मुलगा १८८१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, सहयोगी सभासद झाला आणि १८८८ साली पूर्ण सभासद.

मुलींची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. अ‍ॅलिस व हेलन यांनी शिल्पकलेचे शिक्षण घेतले. हेलन पुढे चित्रकलेकडे वळली. थेरेसाही चित्रे काढी. नग्न मानवी देहाचा अभ्यास हा त्या काळच्या शिल्पकलेचा पाया होता, आणि अकादमीच्या विद्यालयात स्त्रियांना जिवंत मॉडेलवरून अभ्यास करण्याची परवानगी १८९३ साली मिळाली, तीही मॉडेलने वस्त्र गुंडाळले असेल तरच. चित्रकाराला फुले, निसर्गदृश्ये, घरगुती प्रसंग यांवर निर्वाह करता येई. स्मारके उभारणाऱ्या शिल्पकाराला तसे करता येत नसे. म्हणून एकाच कार्यशाळेत वाढलेल्या भावंडांपैकी मुलाच्या वाट्याला ट्यूसरचा देह आला आणि मुलींच्या वाट्याला रंगपेटी. यात कोणा व्यक्तीचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही. पण 'रक्तातच कला होती' हे वाक्य किती अपुरे आहे, हे दाखवायला एवढे उदाहरण पुरे. रक्त तर सर्वांचे एकच होते.

थेरेसाच्या विवाहामुळे या कुटुंबाचा एक धागा मुंबईपर्यंत येऊन पोचतो. तिचा पती आल्फ्रेड ससून हा मुंबईच्या डेव्हिड ससूनचा नातू. ज्याच्या नावाचे ग्रंथालय आणि ज्याचा टॉमस वुल्नरने घडविलेला पुतळा मुंबईकरांच्या परिचयाचा आहे, तोच हा डेव्हिड ससून. धर्माबाहेर विवाह केल्यामुळे आल्फ्रेडला त्याच्या आईने दुरावले. पहिल्या महायुद्धाचा कवी म्हणून विख्यात झालेला सीगफ्रीड ससून (१८८६–१९६७) हा थेरेसाचा मुलगा, म्हणजे हेमोचा भाचा.

४

हेमोच्या बालपणाची काही वर्षे लंडनमध्ये न जाता चेशायरमध्ये चुलत्याच्या शेतावर गेली. चरित्रकार या गोष्टीची नोंद करतात, पण तिला फारसे महत्त्व देत नाहीत. मला ती निर्णायक वाटते. इतर शिल्पकारपुत्रांना श्रम करणारा देह भेटला तो मॉडेलच्या रूपात. हेमोला तो आधी शेतात भेटला आणि मग मॉडेलच्या रूपात.

१८६९ मध्ये तो रॉयल अकादमीच्या विद्यालयात दाखल झाला. ब्रिटिश म्युझियममधील पार्थेनॉनच्या शिल्पांचा अभ्यास त्याने आधीपासूनच चालविला होता. १८७१ साली तो इटलीला गेला आणि तेथे प्रबोधनकाळातील, विशेषतः फ्लॉरेन्सची, शिल्पे त्याने पाहिली. 'जखमी तरुणाला वाहून नेणारा योद्धा' या शिल्पासाठी १८७५ साली त्याला अकादमीचे सुवर्णपदक मिळाले. त्यानंतर 'लॉटची पत्नी' (१८७८), 'आर्टेमिस' (१८८०) आणि 'ट्यूसर' (प्लॅस्टर १८८१, ब्राँझ १८८२) ही शिल्पे आली. 'ट्यूसर' चँट्रीच्या मृत्युपत्रातील निधीतून राष्ट्रासाठी विकत घेतले गेले. आजोबांच्या गुरूने ठेवलेल्या पैशातून नातवाचे शिल्प खरेदी व्हावे, हा योगायोगही नोंदण्याजोगा आहे.

याच सुमारास इंग्लंडच्या शिल्पकलेत जो पालट होत होता त्याला हेमोचा स्नेही, समीक्षक एडमंड गॉस याने पुढे 'द न्यू स्कल्प्चर' असे नाव दिले. १८९४ साली 'आर्ट जर्नल'मधून प्रसिद्ध झालेल्या त्याच्या लेखांनी हे नाव रूढ केले. लेटनच्या 'अजगराशी झुंजणारा मल्ल' (१८७७) या शिल्पापासून या प्रवाहाचा आरंभ मानला जातो. गुळगुळीत, सामान्यीकृत संगमरवरी पृष्ठभागाऐवजी मातीतल्या बोटांचा स्पर्श ब्राँझमध्ये टिकविणे, स्नायूंचा आणि त्वचेचा तपशील पाहून घडविणे, मधूच्छिष्ट पद्धतीच्या ओतकामाचे पुनरुज्जीवन, आणि घरात ठेवता येतील अशा लहान ब्राँझमूर्तींचा प्रसार ही त्याची लक्षणे. फ्रान्समधून परागंदा होऊन १८७१ नंतर काही वर्षे लंडनमध्ये राहिलेल्या दालूचा प्रभावही या पालटामागे होता. म्हणजे थॉर्निक्रॉफ्टची शैली ज्या प्रवाहातून आली तो घराबाहेरचा होता. आईवडिलांनी रोमहून आणलेला अभिजातवाद त्याने पुढे चालविला नाही. या कुटुंबाला घराणे म्हणता येत नाही ते याच कारणाने.

'ट्यूसर'विषयी थोडे अधिक लिहिले पाहिजे. ट्यूसर हा 'इलियड'मधील धनुर्धर. हेक्टरवर तो बाणामागून बाण सोडतो आणि प्रत्येक बाण दुसऱ्याच कोणाला लागतो. थॉर्निक्रॉफ्टने निवडलेला क्षण बाण ओढण्याचा नाही. बाण सुटून गेल्यानंतरचा आहे. धनुष्य धरलेला हात अजून आडवा ताणलेला आहे, देह खांबासारखा उभा आहे, आणि दृष्टी बाणाच्या मागे गेलेली आहे. करण्यासारखे होते ते करून झाले. आता पाहणे तेवढे उरले. नेमबाजीच्या विषयात ताण, झेप, आवेश दाखविण्याची सोय असताना शिल्पकाराने कृतीच्या पुढची स्तब्धता पत्करली. 'लॉटची पत्नी'तही मागे वळून पाहणे घडून गेले आहे आणि देह मिठाचा खांब होत आहे. कृती संपल्यावर देहात जे मागे राहते त्याचे निरीक्षण, हा थॉर्निक्रॉफ्टच्या प्रतिभेचा विशेष आहे, असे या दोन शिल्पांवरून म्हणता येईल. या विशेषाची पूर्तता मात्र पुराणकथेत झाली नाही. ती झाली थेम्सच्या काठी.

५

१८८२ साली थेम्स नदीवर नौकेतून जात असता काठावर विसावलेला एक गवत कापणारा शेतमजूर थॉर्निक्रॉफ्टने पाहिला आणि त्याचे रेखाटन केले. त्यावरून घडविलेला 'द मोअर' हा पूर्णाकृती पुतळा १८८४ च्या अकादमीच्या प्रदर्शनात प्लॅस्टरमध्ये मांडला गेला. त्याची ब्राँझ प्रत १८९४ ची असून ती लिव्हरपूलच्या वॉकर कलासंग्रहालयात आहे. समकालीन श्रमिकाचा, त्याच्या कामाच्या पोशाखातील, पूर्णाकृती स्वतंत्र पुतळा इंग्लंडमध्ये प्रथम घडला तो हाच, असे सामान्यतः मानले जाते.

शिल्प असे आहे. रुंद काठाची टोपी, जाड पाटलोण, जड बूट. कमरेवरचा देह उघडा. एक हात कमरेवर टेकलेला, दुसरा लांब दांड्याच्या विळ्यावर. सारा भार एका पायावर, दुसरा पाय सैल. चेहरा टोपीच्या छायेत आणि दृष्टी कोठेतरी दूर. श्रमाचा आवेश नाही, थकव्याचे प्रदर्शन नाही, कारुण्याची याचना नाही.

या शिल्पावर दोन परस्परविरुद्ध आक्षेप घेता येतात. पहिला त्याच्या काळाचा. शेतमजूर हा शिल्पाचा विषयच नव्हे. शिल्पाने आदर्श रूप दाखवावे, पाटलोण आणि बूट दाखवू नयेत. हा आक्षेप काळाने निकालात काढला आहे. दुसरा आक्षेप आपल्या काळाचा आणि म्हणून अधिक गंभीर. तो असा की, हा मजूर खरा नाहीच. त्याच्यासाठी उभा राहिलेला मॉडेल व्यवसायी इटालियन होता. त्याचा उघडा देह आणि एका पायावरचा डौल थेट ग्रीक शिल्पांतून आला आहे. टोपी, कमरेवरचा हात आणि शस्त्र पेलण्याची रीत पाहून डोनाटेल्लोच्या ब्राँझमधील डेव्हिडची आठवण अनेक अभ्यासकांना झाली आहे. भुकेचा, मजुरीच्या दराचा, यंत्रांच्या स्पर्धेचा प्रश्न बाजूला सारून मजुराला देखणा केला की श्रीमंत प्रेक्षक निश्चिंत होतो. श्रमाचा गौरव हे अशा वेळी श्रमिकाला गप्प बसविण्याचे साधन ठरते.

या आक्षेपातील वस्तुस्थिती नाकारण्याचे कारण नाही. तिच्यातून काढलेला निष्कर्ष मात्र मला मान्य नाही. १८७० नंतरच्या दशकांत इंग्लंडच्या शेतीवर मंदीचे सावट होते. गवत कापणारी यंत्रे पसरत होती. जोसेफ आर्चच्या नेतृत्वाखाली १८७२ साली शेतमजुरांचा राष्ट्रीय संघ स्थापन झाला होता. ज्या १८८४ साली हा पुतळा प्रदर्शनात आला त्याच वर्षी तिसऱ्या सुधारणा कायद्याने ग्रामीण कुटुंबप्रमुख पुरुषांना मतदानाचा हक्क दिला आणि असंख्य शेतमजूर मतदार झाले. एकामुळे दुसरे घडले असा दावा कोणी करणार नाही. परंतु ज्या समाजात मजुराचा देह केवळ राबताना दिसत असे, त्या समाजात तो न राबता, कोणाची परवानगी न मागता उभा राहिलेला दाखविणे याला अर्थ आहे. विश्रांती हा आजवर शिल्पात देवांचा आणि वीरांचा अधिकार होता. दमलेला हर्क्युलिस आपल्या सोट्यावर टेकतो; येथे विळ्याशेजारी मजूर टेकला आहे. डोनाटेल्लोच्या डेव्हिडची उभी राहण्याची ढब त्याला दिली ती त्याला सजविण्यासाठी, असे मानता येते. ती ढब कोणाच्या मालकीची नाही, हे दाखविण्यासाठी दिली, असेही मानता येते. आणि शिल्प पाहता दुसरे अनुमान अधिक सयुक्तिक वाटते. कारण बूट तसेच ठेवले आहेत. निव्वळ सौंदर्यीकरण करावयाचे असते तर ते जड बूट आधी गेले असते.

शिल्पकाराच्या वृत्तीचाही पुरावा आहे. अ‍ॅगाथा कॉक्स हिच्याशी त्याचा विवाह १८८४ मध्येच झाला. तिला लिहिलेल्या एका पत्रात रस्त्यात दिसणाऱ्या प्रत्येक कामकऱ्याच्या चेहऱ्याविषयी वाटणारी ओढ आणि आळशी वरिष्ठ वर्गाविषयीची नापसंती त्याने बोलून दाखविली आहे. हेतूचा पुरावा म्हणजे कृतीचा पुरावा नव्हे, हे खरे. पण कृती आणि हेतू येथे परस्परांना खोटे पाडीत नाहीत.

आता वारशाच्या प्रश्नाकडे पुन्हा वळू. बोडिसियाच्या रथाच्या चाकांना विळ्यासारखी पाती आहेत. इतिहासाच्या दृष्टीने ती बिनबुडाची असली तरी टॉमसच्या कल्पनेत त्यांना मोठे स्थान होते. वडिलांचा रथ कार्यशाळेत तीस वर्षे उभा होता आणि त्याच्या सान्निध्यात मुलगा वाढला. वडिलांच्या शिल्पातील पाते शत्रूचे पाय कापण्यासाठी, घोडे उधळलेले, लगाम नाहीत, राणीचे हात उंचावलेले. मुलाच्या शिल्पातील पाते गवत कापून झाल्यावर पायांशी स्थिरावलेले. पोटरीचा, दंडाचा, उन्हात तापलेल्या त्वचेचा जो प्रेमळ तपशील 'मोअर'मध्ये आहे तो आईच्या हाताची आठवण देतो. पूर्णाकृती एकट्या आकृतीने भोवतालचा अवकाश धरून ठेवण्याची हिंमत वडिलांची. आणि विळा धरण्याची, अंगाला वळण लावणारी ती सवय चेशायरच्या शेतावरची. तिन्ही एकत्र आली तेव्हा जे घडले ते तिघांपैकी कोणाचेच नव्हते.

१८८६ साली प्रदर्शित झालेला 'पेरणारा' हा या शिल्पाचा जोडीदार; त्याची ब्राँझ प्रत १९२९ पासून क्यू उद्यानात आहे. तो चालता आहे, बी फेकणारा हात मागे गेला आहे. शिल्प उत्तम आहे, पण मिलेच्या प्रसिद्ध चित्राचे ऋण त्यावर जाणवते आणि कृतीच्या मध्यभागी थॉर्निक्रॉफ्ट कृतीच्या शेवटाइतका समर्थ नाही, हे त्यावरून कळते. लंडनच्या सिटी भागातील चार्टर्ड अकाउंटंट्स संस्थेच्या इमारतीवरील शिल्पपट्टात (१८८९–९३) मात्र त्याने खाण, रेल्वे, जहाजे, शेती, शिक्षण यांतील माणसे त्यांच्या कामाच्या वेषांत उत्थित शिल्पाच्या रूपाने रांगेने उभी केली. जॉन बेल्चरच्या वास्तूशी हे शिल्प इतके एकजीव झाले आहे की, पार्थेनॉनच्या पट्टाचा इतका स्वतंत्र उपयोग त्या काळात क्वचितच झाला असेल.

६

१८८८ नंतरच्या थॉर्निक्रॉफ्टचा इतिहास बव्हंशी स्मारकांचा आहे. जनरल गॉर्डन (१८८८), क्रॉमवेल (१८९९), विंचेस्टरचा राजा आल्फ्रेड (१९०१), ग्लॅडस्टन (१९०५), केंब्रिजमधील टेनिसन (१९०९). आजोबा आणि वडील यांनी जोडलेला सार्वजनिक पुतळ्यांचा व्यवसाय येथे पूर्णपणे वारसाकडे आला. या कामांत तो निष्णात आहे. क्वचित निष्णाततेपलीकडेही जातो. गॉर्डनच्या हातात तलवार नाही. काखेत वेताची छडी, हाती बायबल, पायाखाली मोडकी तोफ आणि हनुवटीला टेकलेला हात अशी ही विचारमग्न मूर्ती आहे. कृती संपल्यानंतरचा क्षण शोधणारी जुनी दृष्टी तेथे अजून जागी आहे. क्रॉमवेलचा पुतळा संसदेसमोर उभारण्यास आयरिश सभासदांनी तीव्र विरोध केला. सार्वजनिक पैसा मिळाला नाही आणि लॉर्ड रोझबेरीने स्वतः खर्च केला. तलवार आणि बायबल घेतलेला, मान खाली घातलेला हा क्रॉमवेल जयघोषाला प्रतिसाद देत नाही.

तथापि स्मारक हा प्रकार शिल्पकाराचा एकट्याचा नसतो. तो समितीचा, देणगीदारांचा आणि ज्या सत्तेच्या चौकात तो उभा राहतो तिचाही असतो. थॉर्निक्रॉफ्ट परंपरेच्या हिंदुस्थानातील पुतळ्यांवरून हे विशेष स्पष्ट होते. १८७२ साली अंदमानात मारल्या गेलेल्या लॉर्ड मेयोचा टॉमसने घडविलेला अश्वारूढ पुतळा कलकत्त्यास उभारला गेला. स्वातंत्र्यानंतर तो बराकपूरला हलविण्यात आला. जॉन फ्रान्सिसचा दुसरा एक शिष्य मॅथ्यू नोबल याने घडविलेला व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून मुंबईत उभारला गेला आणि १८७२ साली त्याचे अनावरण झाले. १८९६ साली चापेकर बंधूंनी त्याला डांबर फासले. त्या डांबराचा नोबलच्या कोरीवकामाशी काही संबंध नव्हता. आणि नेमके तेच ध्यानात घेण्याजोगे आहे. असा पुतळा पाहणारा माणूस आधी सत्ता पाहतो, शिल्प मागाहून. शिल्पकाराचे स्वत्व तेथे चौथऱ्याखाली दबून जाते.

'मोअर'चे तसे होत नाही, कारण तो कोणी मागविलेला नव्हता. त्याला समिती नव्हती, चौक नव्हता. त्याच्या लहान ब्राँझमूर्ती निघाल्या आणि घरोघरच्या टेबलांवर गेल्या. आल्फ्रेडची तलवार आणि मजुराचा विळा एकाच हातांनी घडविले, पण एक त्या हातांकडून मागून घेतली गेली आणि दुसरा त्या हातांनी आपणहून दिला. थॉर्निक्रॉफ्टच्या कर्तृत्वाचे मोजमाप करताना हा भेद सुटता कामा नये.

१९१६ सालचे 'द किस' हे त्याचे उत्तरकालीन संगमरवरी शिल्प माता आणि मूल यांचे आहे. युद्धाच्या तिसऱ्या वर्षी, साठी उलटलेला शिल्पकार आईच्या आवडत्या विषयाकडे आणि तिच्या आवडत्या माध्यमाकडे परतला. पुढच्याच वर्षी त्याला 'सर' हा किताब मिळाला. मेरीच्या ऑस्बर्नमधील मुलांशी हे शिल्प ताडून पाहणे उद्बोधक ठरेल. तिच्या मूर्तींत मूल एकटे आणि ऋतूच्या रूपात असते. येथे ते मातेच्या मिठीत आणि निर्वस्त्र आहे.

७

एवढ्या विवेचनावरून निष्कर्ष असा काढता येईल. कलावंतांच्या कुटुंबात जन्मलेल्या शिल्पकाराला तीन गोष्टी मिळतात : हात, गिऱ्हाईक आणि प्रवेश. हाताचा थॉर्निक्रॉफ्टने उत्तम उपयोग केला. गिऱ्हाइकाने त्याच्या आयुष्याचा उत्तरार्ध बराचसा व्यापला. प्रवेश त्याला मिळाला तो त्याच्या आईला आणि बहिणींना नाकारलेला होता, आणि त्याच्या यशाच्या हिशेबात ही नोंद केल्यावाचून तो हिशेब पुरा होत नाही. शैली आणि दृष्टी या चौथ्या गोष्टी मात्र त्याला कुटुंबाने दिल्या नाहीत. देऊ शकलेही नसते. त्यांपैकी शैली समकालीन प्रवाहातून आली आणि दृष्टी शेतावरच्या बालपणातून.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात आधुनिकतावादी समीक्षेने व्हिक्टोरियन शिल्पकला एकजात त्याज्य ठरविली. उत्तरार्धात अभ्यासकांचे मत पालटले. थॉर्निक्रॉफ्टची मुलगी एल्फ्रिडा मॅनिंग हिने लिहिलेले त्याचे चरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले. कुटुंबाचे कागदपत्र आता लीड्स येथील हेन्री मूर संस्थेत अभ्यासकांसाठी उपलब्ध आहेत. या साधनांवरून मेरी, अ‍ॅलिस आणि हेलन यांच्या कामाचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. कार्यशाळेतून निघालेल्या कोणत्या मूर्तीत कोणाचा हात किती, याचा शोध आजवर मुलाच्या बाजूने घेतला गेला; तो आईच्या बाजूने घेतला तर या लेखातील काही विधाने दृढ होतील आणि काहींना मुरड घालावी लागेल. पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी कोणी हा विषय हाती घेतला तर त्याचे स्वागतच होईल.